सोनाराच्या काट्यावर रेकॉर्ड प्लेअर

आधी तबकड्या आल्या. वाजवायचं यंत्र दोन महिन्यांनी आलं, आणि ते नीट वाजायला आणखी तीन महिने गेले.

साकोलीहून लाखांदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, पीक विमा, आधार, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो. दिवाळीच्या तोंडावर एक भंगारवाला खात्यात अडकलेल्या पैशांचं विचारायला आला. त्याची हातगाडी दारातच उभी होती. गंजलेलं पिंप, सायकलची चाकं आणि त्यांच्याखाली रेकॉर्डचा गठ्ठा. कुणाच्या तरी माळ्यावरून निघालेला.

"याले कोनी घेतच नाही जी," तो म्हणाला. "ना लोखंडात जाते, ना पलाष्टीकमधी."

अकरा तबकड्या मी दीडशे रुपयांना घेतल्या. घरी आणल्यावर बायकोनं विचारलं, "याचं काय करणार?" मला उत्तर देता आलं नाही. तोवर मी आयुष्यात रेकॉर्ड प्लेअर फक्त सिनेमात पाहिला होता. लहानपणी आमच्या घरी कॅसेट होत्या, त्याही सुपारीवाल्या मामांनी ठेवून दिलेल्या.

गठ्ठा उलगडून पाहिला तेव्हा कळलं की सगळ्या तबकड्या एका जातीच्या नाहीत. पाच मोठ्या, बारा इंची, वाकवली तर थोड्या वाकणाऱ्या. त्या एलपी. मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणाऱ्या, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं वाजणाऱ्या. ही जात अमेरिकेत १९४८ साली बाजारात आली. चार लहान, सात इंची, ४५ फेऱ्यांच्या. आणि दोन दहा इंची, जड, कडक, कडेला टवका उडालेल्या, खिडकीच्या काचेसारख्या. त्या ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. एका एलपीवर वसंतराव देशपांडे होते. मूर्तिजापुरात जन्मलेला माणूस, म्हणजे आमच्या विदर्भाचाच, म्हणून ती मी सगळ्यात वर ठेवली. ७८ वाल्या दोन्हींवर सनई होती. एकीचं लेबल अर्धं उंदरांनी नेलं होतं.

गठ्ठ्यातल्या सगळ्याच आडव्या, एकावर एक रचून वर्षानुवर्षं पडलेल्या. खालच्या दोन एलपी पापडासारख्या झाल्या होत्या. रेकॉर्ड उभ्या ठेवायच्या असतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि ज्याचा तो माळा होता त्यालाही नसावं.

मग शोध सुरू झाला. मोबाइलवर सगळ्यात आधी दिसले ते सुटकेससारखे नवे प्लेअर, रंगीत, चार-पाच हजारांत. नागपूरच्या एका मित्रानं असा घेतला होता. त्याच्याकडे जाऊन ऐकला. गाणं येत होतं, पण आवाज हेलकावे खात होता, आणि झाकणातले स्पीकर मोठे केले की पिन उड्या मारायची. स्पीकर आणि पिन एकाच डब्यात, मग दुसरं काय होणार? तो मित्र खूश आहे, त्याच्या खुशीत मी काडी घातली नाही.

नागपुरात आलोच होतो म्हणून इतवारीत फिरलो. एका जुन्या सामानाच्या दुकानात पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन मांडला होता. "इंग्रजांच्या जमान्याचा, नऊ हजार." कर्णा इतका चकचकीत की त्यात माझे दात दिसत होते. लाकडाच्या पेटीवर कुत्र्याचं चित्र, तेही थोडं वाकडं चिकटवलेलं. असे कर्णे आजही नवे घडवून जुने म्हणून विकतात हे मी आधीच वाचलं होतं, त्यामुळे चहा पिऊन निघालो. शिवाय असल्या चावीच्या यंत्राला पोलादी सुई लागते. त्यावर एलपी लावली तर एका वाजवण्यात तिची माती होते.

खरा प्लेअर मला शोधावा लागला नाही. तो माझ्या काउंटरवर चालून आला.

डिसेंबरात पीएम किसानच्या केवायसीसाठी शेजारच्या गावचे एक काका आले. सत्तरी ओलांडलेले, पांढरी बंडी, खांद्यावर दुपट्टा. त्यांचा अंगठा उठतच नव्हता. यंत्रावर चार वेळा ठेवला, ओल्या फडक्यानं पुसला, पुन्हा ठेवला. मी म्हणालो, "काका, शेतात राबून रेषाच गेल्या तुमच्या." ते म्हणाले, "शेतात नाही गेल्या बाबू. वायरी सोलून गेल्या." आणि त्यांची नजर माझ्या मागे गेली. मी एक एलपी शोभेला म्हणून खिळ्याला अडकवून ठेवली होती.

"हे काहून फाशी देल्ली जी?"

काकांची साउंड सर्व्हिस होती. मंडप त्यांच्या भावाचा, भोंगा यांचा. लग्नं, बारशी, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, दिवाळीनंतरच्या मंडया म्हणजे गावच्या जत्रा. पट संपला की रात्री नाटक, आणि नाटकाला पडदा उघडेपर्यंत रेकॉर्ड. वीज नसलेल्या गावात बॅटरीवर. कॅसेट आल्यावर प्लेअर कोठीत गेला तो गेलाच. "मशीन हाय माह्याकडं. पन वाजवून पाह्यल्याशिवाय देनार नाही. बिघडलेली वस्तू इकली म्हनून नाव नको मले."

विकणाराच अशी अट घालतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

रविवारी वसंतरावांची एलपी पिशवीत घालून त्यांच्याकडे गेलो. नवी घेतलेली वस्तू वाजवून पाहायला आपली, ओळखीची रेकॉर्ड न्यावी असं वाचलं होतं. माझी ओळखीची कसली, मी ती एकदाही ऐकलेली नव्हती, पण नेली. काकांनी धानाच्या कोठीमागून लाकडी पेटी काढली, धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळलेली. आत इंग्लंडच्या गॅरार्ड बनावटीचं यंत्र, वर चार वेगांचं बटण: १६, ३३, ४५, ७८. आर्मच्या, म्हणजे पिन धरणाऱ्या लांब हाताच्या, टोकाला एक इवलीशी पट्टी. ती उलटी केली की ७८ची पिन खाली येते, सुलटी केली की एलपीची. ७८च्या खाचा रुंद, तिची पिन जवळपास तिप्पट जाड. एकाच्या पिननं दुसरी वाजवली की दोन्ही बिघडतात.

काकांनी मला तपासायला लावलं. खरं तर त्यांनीच शिकवलं, मी विकत घ्यायला आलोय हे ते विसरूनच गेले होते. ताट हातानं फिरवून कडेशी डोळा लावला, वरखाली लहरतं का पाहिलं. थोडं लहरत होतं. आर्म दोन बोटांत धरून हळूच हलवला. सांध्यात खडखड नको, अडखळणं नको. पिनखाली मोबाइलचा कॅमेरा धरून मोठं करून पाहिलं. टोक एका अंगानं झिजून सपाट झालेलं, म्हणजे पिन नवी लागणार. मग प्लग लावला. मोटर घुरघुरली, पण ताट हलेना. इतक्या वर्षांत ग्रीसचा गूळ झाला होता. काकांनी ताट उचललं, खालच्या दांडीवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले आणि हातानं फिरवत बसले. दहा मिनिटांनी ते आपोआप फिरायला लागलं.

रेकॉर्ड लावली. त्यांच्या जुन्या अहुजाच्या अॅम्प्लिफायरमधून आधी खरखर, मग तानपुरा, आणि त्याच्याखाली सतत धड... धड... धड.

"चाक," काका म्हणाले. "त्याले एका जागी खड्डा पडला."

या जातीच्या प्लेअरमध्ये मोटरच्या दांड्याला एक रबरी चाक टेकलेलं असतं आणि ते चाक ताटाला आतल्या कडेनं फिरवतं. बटण बंदवर न नेता यंत्र तसंच ठेवलं तर दांडा रबरात रुतून खळगी पाडतो. मग दर फेऱ्याला ठोका. काकांना हे ठाऊक होतं, आणि शेवटच्या लग्नाच्या रात्री बटण बंद करायचं त्यांच्याच हातून राहून गेलं होतं. कुणाचं लग्न तेही त्यांना आठवत होतं.

त्यांनी साडेतीन हजार सांगितले. मी चाक, पिन, ग्रीस सगळं मोजून पंधराशे म्हटलं. काकू आतून म्हणाल्या, "देऊन टाका ना जी, कोठीत जागा होईल." काका बावीसशेवर आले आणि म्हणाले, अॅम्प्लिफायर मात्र मिळणार नाही. मी पण ताणलं नाही. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर गादी बांधून यंत्र आणलं, दर गतिरोधकाला उतरून.

आता माझ्या चुका.

पहिली चूक अठराशे रुपयांची. मोबाइलवर सगळीकडे लिहिलेलं की रेकॉर्ड प्लेअरला फोनो प्रीअॅम्प लागतोच. कारणही खरं आहे. रेकॉर्ड कापताना खर्ज, म्हणजे खालचे सूर, दाबतात आणि तार, म्हणजे वरचे सूर, उचलतात, नाहीतर खर्जाच्या रुंद लाटा खाचेत मावणार नाहीत. वाजवताना उलटं करून घ्यावं लागतं, ते काम प्रीअॅम्प करतो, आणि दोन-चार मिलीव्होल्टचा आवाज वाढवतोही. पण हे सगळं चुंबकाच्या काट्रिजला लागू. काट्रिज म्हणजे पिनची थरथर विजेत बदलणारी आर्मच्या टोकाची डबी. माझ्या यंत्रात होतं सिरॅमिक, ज्याचा आवाज मुळातच कितीतरी पटींनी मोठा. प्रीअॅम्पला जोडल्यावर वसंतराव फाटक्या भोंग्यातून ओरडल्यासारखे आले. प्रीअॅम्प अजून खोक्यात आहे, कुणाला हवा असेल तर सांगा.

मग प्लेअर सरळ कॉम्प्युटरच्या स्पीकरला जोडला. आता फाटत नव्हता, पण खर्ज पूर्ण गायब. तबला नव्हे, पत्र्यावर बोटं. काकांना फोन केला तर म्हणाले, "त्याले मोठा रोध पाहिजे." साकोलीच्या टीव्ही दुरुस्तीवाल्यानं वायरीत प्रत्येक बाजूला एक मेगाओमचा रेझिस्टर टाकला. दोन रुपयांचा. आवाज थोडा लहान झाला आणि तबला परत आला.

धडधडीसाठी मोटर वाइंडिंगवाल्या मिस्त्रीकडे गेलो. तो दिवसभर शेतीपंप गुंडाळतो. त्यानं रबरी चाक लेथला लावलं आणि बारीक पॉलिश पेपर टेकवून खळगी मिटेपर्यंत घासलं. मला धास्ती की चाक लहान झालं तर वेग बदलेल. तो हसला. "मधलं चाक केवढं का असेना, मोटरच्या दांड्याचा एक घेर गेला की ताटाचा तेवढाच घेर सरकते. मधल्याले कोन इचारते?" मी घरी येऊन कागदावर मांडून पाहिलं. त्याचं बरोबर होतं.

तरी वेग तपासायचा होता. त्यासाठी एक गोल चकती लागते, कडेनं १८० रेघा छापलेली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. एलपीचा एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणजे एका फेऱ्यात १८० लुकलुकी. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. प्रिंटर माझाच, चकती छापली, कापली, ताटावर ठेवली. रेघा काही दिसेनात, नुसता राखाडी पट्टा. अर्धा तास डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की माझ्या दुकानात एलईडी आहे, आणि हा चांगला निघाला, लुकलुकतच नाही. चोकवाली जुनी ट्यूब गावात उरली होती फक्त ग्रामपंचायतीत. तिथं टेबलावर प्लेअर मांडला, सरपंचांसकट पाच माणसं वाकून रेघा बघत होती. रेघा अगदी हळू मागं सरकत होत्या. म्हणजे वेग किंचित कमी. तेवढं चालतं.

संध्याकाळी मात्र चालेना. जानेवारीपासून उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज १७० वर येतं. ही मोटर साधी, व्होल्टेज पडलं की ढिली पडते. सहा वाजता लावलेली भैरवी साडेसहाला आणखी खालच्या पट्टीत गेली होती. इन्व्हर्टरवर लावून पाहिलं तर मोटर भुंग्यासारखी गुणगुणायला लागली, कारण माझा इन्व्हर्टर चौकोनी लाटेचा, स्वस्तातला. शेवटी फ्रिजचा स्टॅबिलायझर उचलून आणला. फ्रिज थेट जोडला. हे घरात तीन दिवसांनी कळलं.

आणि झटका. यंत्राच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या, स्पीकरमधून सतत हंऽऽऽ. दोन पिनांचा जुना प्लग. पत्र्याला तीन पदरी वायर लावून अर्थ दिला, तर हं तसाच. कारण घराच्या अर्थिंगचा खड्डाच कोरडा पडला होता. कोळसा-मीठ टाकून त्यात चार बादल्या पाणी ओतलं तेव्हा दोन्ही थांबलं. जुनं यंत्र घेणाऱ्यानं आधी हे करावं, गाणं नंतर.

नवी पिन मुंबईहून कुरिअरनं आली, नऊ दिवसांनी, साडेचारशे रुपयांना. एलपीच्या बाजूला हिरा, ७८च्या बाजूला नीलम. नखावर ठेवली तर दिसेनाही. आता प्रश्न वजनाचा. पिन रेकॉर्डवर किती भारानं टेकते त्यावर रेकॉर्डचं आयुष्य. चुंबकाच्या काट्रिजला दीड-दोन ग्रॅम पुरतात. माझ्या जातीच्या सिरॅमिकला पाच-सहा. मोजायचं कशानं? यासाठीचा छोटा काटा ऑनलाइन मिळतो, पण आमच्या साकोलीत सराफाकडे ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा काटा असताना तो मागवायचा कशाला?

दुपारच्या रिकाम्या वेळी प्लेअर घेऊन सराफाच्या गादीवर चढलो. दोन बायका मंगळसूत्राची वाटी बघत होत्या, त्या बघायच्या थांबल्या. काटा ताटापेक्षा उंच पडत होता, म्हणून यंत्राखाली दोन वहीखाते सारले, पिन रेकॉर्डच्या पातळीला येईल असं. आर्म अलगद काट्यावर टेकवला. ९.४०.

सराफ म्हणाले, "मजुरी वेगळी."

काकांच्या काळात कुणीतरी आर्मच्या आतली स्प्रिंग सैल करून ठेवली होती. भोंग्याजवळ पोरं नाचायची, पिन उडू नये म्हणून केलं असणार. स्प्रिंगचं टोक एक-एक खाच पुढे नेत सहावर आणलं. ६.०५. सराफांनी भिंग लावून पिन पाहिली. "यात खरंच हिरा आहे?" मी हो म्हटल्यावर त्यांनी ती पुन्हा एकदा, जरा जास्त आदरानं पाहिली, आणि परत विकायची झाली तर आपल्याकडे आणू नका म्हणाले.

त्या रात्री वसंतरावांची पूर्ण बाजू ऐकली. चांगली होती का? खरखर होती. मधे एका जागी पिन अडकून तीच तान चार वेळा आली, आणि मला वाटलं ती मुळातच तशी आहे. पण आवाज खोलीत उभा होता. याहून नीट सांगता येत नाही. मोबाइलवर तेच गाणं जास्त स्वच्छ मिळतं हे मी कबूल करतो, रेकॉर्डचा आवाज शुद्धच असतो असं छातीठोक सांगणाऱ्यांनी आमच्या गावची धूळ पाहिलेली नाही.

खरखरीचं मूळ मळात होतं, म्हणून धुणं आलं. बोअरच्या पाण्यानं एक लहान रेकॉर्ड धुतली आणि वाळल्यावर तिच्यावर पांढरे डाग. आमच्या पाण्यात क्षार एवढे की पातेलंसुद्धा पांढरं होतं. मग बॅटरीच्या दुकानातून इन्व्हर्टरमध्ये घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा. लेबल भिजू नये म्हणून दोन्हीकडून वाटी दाबून धरायची, खाचेच्या दिशेनं गोल पुसायचं, आडवं नाही. नंतर साध्या डिस्टिल्डनं पुन्हा, आणि भांड्यांच्या रॅकमध्ये उभ्या वाळवायच्या. सावलीत. वाळलेल्या एलपी पाहून फार आनंद झाला. काळ्या नव्हत्या, ओल्या काळ्या होत्या.

त्या आनंदात मी सनईची तबकडी घेतली. तिच्यावर बुरशीचे डाग होते, पाण्यानं जाईनात. कुठंतरी वाचलं होतं की हट्टी डागाला थोडं स्पिरिट. मेडिकलमधून इंजेक्शनआधी लावतात ते स्पिरिट आणलं, कापसाचा बोळा भिजवला आणि जोर लावून पुसलं.

बोळा काळा झाला. मला वाटलं, वा, केवढा मळ. दुसरा बोळा घेतला. तोही काळा. तिसऱ्या वेळी बोट तबकडीला चिकटलं. जिथं पुसलं होतं तिथं चमक जाऊन मेणचट, धुरकट चट्टा पडला होता आणि खाचा दिसतच नव्हत्या.

शेजारचे सुतारदादा दार बसवायला आले होते. त्यांनी बोळा उचलून वास घेतला. "हे तर पॉलिश हाय जी. चपडा."

चपडा म्हणजे लाखेची पातळ पानं. सुतार ती स्पिरिटमध्ये विरघळवून दाराला पॉलिश करतात. ७८च्या तबकड्या याच लाखेच्या असतात: लाख, दगडाची पूड, काजळी, थोडा कापसाचा तंतू, गरम दाबून बनवलेल्या. मी सनईला पॉलिश रिमूव्हर लावलं होतं. एलपी मात्र व्हिनाइलच्या, त्यांना पातळ स्पिरिट चालतं. तो सल्ला त्यांच्यासाठी होता.

मला त्या दिवशी वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त मी चक्रावलो. आमच्या भंडारा-गोंदियात पळसावर लाख होते. इवलासा किडा फांदीवर बसतो, रस शोषतो, अंगावर राळेचं कवच करतो, ते खरवडलं की लाख. लहानपणी आम्ही पळसाच्या फांदीवरचा तो तांबूस खडबडीत थर नखानं काढून काडीपेटीनं जाळायचो, वासासाठी. आणि प्लास्टिक यायच्या आधी साऱ्या जगाचं गाणं त्याच थरावर उठवलेलं होतं. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं गाणं पहिल्यांदा मुद्रित झालं ते असल्याच तबकड्यांसाठी. दुसऱ्या महायुद्धात भारतातून लाख मिळणं अवघड झालं तेव्हा अमेरिकेत १९४२ मध्ये रेकॉर्डसाठी लाख वापरण्यावर बंधन आलं आणि नव्या रेकॉर्डसाठी लोकांकडून जुन्या फुटक्या गोळा केल्या गेल्या. परदेशात ७८च्या तबकड्या १९६०च्या सुमारास संपल्या. आपल्याकडे त्यानंतरही काही वर्षं कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात निघत राहिल्या. माझी सनई त्यातलीच. तिच्यातली लाख आमच्या पळसाची होती असं मी म्हणत नाही, देशातली बहुतेक लाख छोटा नागपूरकडची. पण भंगारवाल्यानं "पलाष्टीकमधी जात नाही" म्हटलं होतं ते अगदी खरं होतं.

सुतारदादांना मी विचारलं, चट्टा परत चकचकीत करता येईल का? म्हणाले, "चकचकीत करतो. गानं नाही येनार."

जागेचा प्रश्न सोपा सुटला. आमचं घर कौलारू, माळ्यावर लाकडी पाटई, कुणी चाललं की टेबल हलतं आणि पिन उडते. स्पंज ठेवून पाहिला, टायरची ट्यूब ठेवून पाहिली. शेवटी आजोबांच्या वेळच्या दोन फूट जाड मातीच्या भिंतीतल्या फडताळाची दारं काढली आणि प्लेअर आत बसवला. आता पोरांनी दोरीवरच्या उड्या मारल्या तरी फरक पडत नाही. उन्हाळ्यात बाहेर ४६ अंश असतानाही तिथं हात लावला तर गार लागतं, म्हणून तबकड्याही तिथंच, उभ्या. एक मात्र गेली. मे महिन्यात भंडाऱ्याला मित्राला दाखवायला लहान रेकॉर्ड नेली आणि दीड तास बंद गाडीत डॅशबोर्डवर विसरलो. परत आलो तर तिचा द्रोण झाला होता. पळसाच्या पानाचा असतो तसा, कडा वर, मधे खोल. बायकोनं तो देवघरात फुलं ठेवायला घेतला.

पापड झालेल्या दोन एलपी त्याच उन्हाच्या धाकानं दोन जाड काचांमध्ये दाबून सावलीतल्या गरम खोलीत ठेवल्या, वर जातं. एक बऱ्यापैकी सरळ झाली. दुसरी अजून समुद्रासारखी, पिन तिच्यावर नावेगत वरखाली जाते, पण वाजते.

काकांचा दर पंधरा दिवसांनी फोन येतो. पहिलं वाक्य ठरलेलं: "चाक धडधडते का?" मग बटण बंदवर ठेवतो ना, एवढंच विचारतात आणि ठेवतात. या वर्षी दिवाळीनंतर आमच्या गावच्या मंडईला ते स्वतः आले. रात्री दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, होती, तिला वेळ होता. मी त्यांना वसंतराव ऐकवले. त्यांनी मान डोलावली, मग फडताळात हात घालून सनईची तबकडी बाहेर काढली. तीच, चट्ट्याची. मी म्हणालो, "काका, ती बिघडवली मी. स्पिरिटनं पुसली." त्यांनी ती उजेडात तिरकी धरून पाहिली, पट्टी उलटी करून जाड पिन खाली आणली, बटण ७८वर नेलं आणि लावली.

सुरुवातीला सनई आली, स्वच्छ. मग चट्टा आला आणि खरखर, खरखर, धान पाखडल्यासारखी, मिनिटभर. मी आर्म उचलायला हात पुढे केला. काकांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे. लग्नात कोन आयकते जी शेवटपर्यंत? सगळे जेवाले बसले असतात."

आणि खरखरीच्या पलीकडून सनई परत सुरू झाली, तेव्हा बाहेर मंडईतल्या डीजेची चाचणी चालू झाली होती.